शेवंती शेळीने विडा खाल्ला

बाळांनो, मांडी घालून बसा आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका. एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. कोणत्या जंगलात? झालं यांचं सुरू! आपल्या नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

या जंगलात ओढ्यापलीकडून लांडगे यायचे. मेंढरं फाडायचे आणि पुन्हा पलीकडे पळायचे. पलीकडे तरसाचं राज्य. सिंह दर वेळी कडक निषेध पाठवायचा. तरस दर वेळी कळवायचा, "आमच्याकडे लांडगा नावाचा प्राणीच नाही." डोंगरावरच्या बलाढ्य हत्तीलाही त्याने हेच शपथेवर सांगितलं होतं. तरसाचं घर हत्तीच्या मदतीवर चालायचं, म्हणून हत्तीपुढे खोटं पडून चालणार नव्हतं.

शेवटी सिंहाने दरबार भरवला. तबकात पानाचा विडा ठेवला आणि गरजला, "पलीकडे जाऊन लांडग्यांचा बंदोबस्त कोण करणार? धमक असेल त्याने विडा उचलावा!"

वाघाला नेमकी तेव्हाच सर्दी झाली. कोल्हा म्हणाला, "सल्ला द्यायला मी आहेच."

मागे शेवंती नावाची शेळी उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. हिरवं पान दिसलं, तशी ती पुढे गेली आणि विडा खाऊन मोकळी झाली.

"शाब्बास!" दरबार दणाणला.

"अहो महाराज, मला भूक लागली होती हो! घरी दोन करडं आहेत माझी!"

"केवढा हा विनय!" सिंहाचे डोळे भरून आले. बगळा मंत्र्याने तिला हार घातला आणि पुतळ्याची जागाही बघून ठेवली. घाबरून शेवंतीने अर्धा हार खाल्ला.

बिचारी रडत रडत ओढा ओलांडून गेली. पलीकडे लांडगेच लांडगे! तरसही धावत आला. तेवढ्यात वर डोंगरावर हत्तीने कान टवकारले.

"काय शेळीबाई, काय काम काढलंत?" तरसाने विचारलं.

"लांडग्यांचा बंदोबस्त करायला आलेय," शेवंतीने मोठ्ठा हंबरडा फोडला. "पण तुमच्याकडे लांडगे नाहीतच ना? मग मला इथे खाणार तरी कोण?"

तरसाची बोबडी वळली. शेळी मेली की हत्तीला पुरावाच मिळाला! त्याने तिथल्या तिथे हुकूम सोडला, "हिच्या केसाला धक्का लागता कामा नये." चार लांडगे तिच्या पहाऱ्यावर बसवले. कुत्रे वाटावेत म्हणून त्यांना भुंकायला शिकवलं. मेले भुंकतही छान!

इकडे हल्ले चालूच होते. मेंढरं मरत होती, निषेध जात होते. एके दिवशी शेवंतीचा निरोप आला, "मी ठणठणीत आहे. चार किलो वजन वाढलंय. माझ्या करडांना आधी इकडे पाठवा. तिकडे लांडग्यांचा फार त्रास आहे म्हणे."

तात्पर्य : लांडगे राहतात तिथे फारसा धोका नसतो. त्यांचा निषेध होतो तिथे मात्र जपून राहावं.