टेकडी ४१२ ची साक्ष

सैन्याच्या पुनर्रचनेच्या बैठकीला मंगळवारी सकाळी टेकडी क्रमांक ४१२ स्वतः हजर झाली. दारातून आत येणं शक्य नसल्यामुळे ती कवायतीच्या मैदानावर बसली आणि सभागृहाच्या खिडक्या उघडण्यात आल्या. माथ्यावरचा सर्वेक्षणाचा दगड तपासून तिची ओळख पटवली गेली.

विषय रसद वाहणाऱ्या खेचरांच्या तुकडीचा होता. मेजर इरावती गुप्ते यांनी संगणकावर वॉरगेम अकरा वेळा खेळून पाहिला होता. ड्रोनने रसद पोचवली की टेकडी ४१२ दर वेळी एकोणीस मिनिटांत ताब्यात येत होती. त्यामुळे तुकडी मोडण्याचा कागद ब्रिगेडियर सरनोबतांच्या सहीसाठी तयार होता. तुकडीचे सुभेदार खैरमोडे मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तेवीस वर्षं त्यांनी खेचरांसोबत काढली होती, पण बैठकीत बोलायची त्यांना मुभा नव्हती.

टेकडीला होती, कारण ती बाधित पक्ष होती. तिने शांतपणे सांगितलं, की आपण अकरा वेळा हरलो आणि एकदाही आपल्याला विचारलं गेलं नाही. शिवाय दुपारनंतर पश्चिमेच्या कड्यावर काय वारं सुटतं, ते संगणकात कुठेच नाही. मेजरबाईंनी वाऱ्याचा वेग विचारला. आकडा टेकडीला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, "दाखवते."

दुपारी दोनला खेळ मैदानावर सुरू झाला. सहा ड्रोन उडाले. टेकडीने वारं सोडलं आणि पाच ड्रोन भोजनगृहाच्या छपरावर जाऊन पडले. सहावा दिसेनासा झाला. अधिकारी खिडक्यांत चढले, आचारी झारे घेऊन बाहेर धावले.

मग खैरमोडे चंद्री नावाचं खेचर घेऊन निघाले. टेकडीने त्यांनाही सवलत दिली नाही. तिने दगड गडगडवले, पायवाट मधेच मोडून टाकली. चंद्री थांबली. खैरमोड्यांनी लगाम ओढला नाही, सैल सोडला. ती डावीकडच्या करवंदीच्या जाळीत शिरली आणि ते मागोमाग गेले. बराच वेळ कुणी दिसलं नाही. चौपन्नाव्या मिनिटाला माथ्यावर आधी दोन कान दिसले, मग टोपी. सगळं मैदान ओरडलं. ब्रिगेडियर खुर्चीवर उभे होते, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

सगळ्यांत आधी वर धावत गेल्या त्या मेजरबाई. त्यांना धाप लागली होती आणि डोळे चमकत होते. खैरमोड्यांना त्या म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, उद्या पुन्हा खेळू या. मला तुमच्या बाजूने घ्या."

तुकडी मोडण्याचा कागद परत गेला. यापुढे वॉरगेममध्ये भूभागाची बाजू भूभागानेच खेळावी, असा ठराव एकमताने झाला आणि एका खिंडीला व एका नदीला पत्रं गेली. खिंडीने सवड नसल्याचं कळवलं. नदी गुरुवारी येते म्हणाली. ब्रिगेडियरांनी लगेच सगळ्या गाड्या उंचावर लावायला सांगितल्या.