हॅझलवूडसाहेबांची अकरा पावलं

“उठला, कागद गोळा केले आणि सगळ्यांच्या देखत समोरच्या बाकावर जाऊन बसला!” निशिकांतच्या हातातला घास तसाच अधांतरी राहिला होता. “अकरा पावलं गं. फक्त अकरा!”

“भाजी गार होतेय,” सुलभा म्हणाली.

निशिकांत मरीन इंजिनीअर. बोटीवरच्या कपाटात त्याला हॅझलवूड नावाच्या कुण्या ब्रिटिश पुढाऱ्याचं जुनं चरित्र सापडलं होतं आणि या सुट्टीत तो नवरा कमी, हॅझलवूडचा भक्त जास्त होऊन घरी आला होता. या गृहस्थाने भर पार्लमेंटात पक्ष बदलला होता, आणि वीस वर्षांनी त्याच अकरा पावलांनी परतही आला होता. वर मंत्री झाला होता!

भाजीचं निमित्त करत असली तरी सुलभा मनातून पार दिपून गेली होती. कारण तिला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

ही २०१४ सालची, सिंगापुरातली गोष्ट. महिन्यापूर्वी लेकीच्या, जाईच्या शाळेसाठी त्यांनी चोआ चू कांगचा फ्लॅट सोडून बेडोकला बिऱ्हाड हलवलं होतं. पश्चिमेचं टोक सोडून थेट पूर्वेला. एरवी कुणाला काय त्याचं! पण तिथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी ईस्ट विरुद्ध वेस्ट अशा भेंड्या होत, आणि जो जिथे राहतो त्याने त्या बाजूने गायचं, हा दंडक. सुलभा सात वर्षं वेस्टचा हुकमी एक्का होती. ‘ळ’ आला की वेस्टवाले निवांत चहा प्यायचे.

वेस्टची कॅप्टन नीता. निशिकांत समुद्रावर असताना जाईला डेंग्यू झाला, तेव्हा सहा दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत ठाण मांडून बसलेली नीता. तिला ‘मी आता पलीकडची’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पहिल्या प्रॅक्टिसला सांगायचं राहून गेलं. परतताना नीताने सवयीप्रमाणे तिला गाडीने जुन्या ब्लॉकखाली सोडलं. सुलभा निमूट लिफ्टने नवव्या मजल्यावर गेली, परक्यांच्या दारासमोर पाच मिनिटं उभी राहिली, खाली उतरली आणि तासभर एमआरटी मेट्रोत बसून बेडोकला आली.

दुसऱ्या खेपेला नीता म्हणाली, “वर येते गं. चहा टाक.”

“नको! घरात रंग चाललाय.”

तिसऱ्या खेपेला, “अजून?”

“दुसरा हात.”

चौथ्या खेपेला नीताने गाडीच बंद केली. “सुलभे, फ्लॅट रंगवतेयस की राजवाडा?”

“दारं राहिलीत,” असं पुटपुटून सुलभा वर पळाली. तिथे त्या घरातल्या चिनी आजींनी तिच्यासाठी बाहेर स्टूल मांडून ठेवलं होतं.

“आई, जस्ट टेल हर लाह!” घरी जाई म्हणाली.

“अहो, त्या हॅझलवूडला घाम फुटला असेल का?” सुलभाने विचारलं.

“ते पुस्तकात नाही. पण आदल्या दिवशी त्याने नवे बूट घेतले होते.”

सुलभाने कपाटातून नव्या चपला काढल्या.

संमेलनाच्या हॉलमध्ये समोरासमोर खुर्च्या, मध्ये लाल सतरंजी. पहिलं अक्षर पडायच्या आत सुलभा नीताशेजारून उठली. पर्स घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि चालू लागली. चपला चावत होत्या. पावलं चौदा झाली. नऊवारी नेसून अकरात भागत नाही.

ईस्टच्या रांगेपाशी पोचून ती वळली. “नीता, मी बेडोकला राहते गं. महिना झाला.”

शेवटच्या रांगेत निशिकांत उभा राहिला होता, आपल्याच बायकोकडे चरित्र वाचावं तसा बघत.

ईस्टची कॅप्टन मधुरा वही चाळत म्हणाली, “अहो सुलभाताई, नावं जूनमध्ये नोंदवली ना! तेव्हा तुम्ही चोआ चू कांगला होता. म्हणजे यंदा तुम्ही वेस्टच. जा बघू परत.”

पुन्हा चौदा पावलं.

“वीस वर्षं लागली होती त्याला!” मागून निशिकांतचा भारावलेला आवाज आला. “हिने दीड मिनिटात केलं!”

सुलभाच्या खुर्चीवर आता नीताची पर्स होती. नीताने ती लगेच उचलली नाही. मग उचलली.

“बस,” ती म्हणाली. “वाळला का रंग?”

“तुला माहीत होतं?”

“दर प्रॅक्टिसला बेडोकच्या बेकरीची पिशवी घेऊन येतेस. पत्ता छापलाय तिच्यावर, ठळक.”

“मग मला तिकडे सोडत का होतीस, बाई?”

“म्हटलं, बघू तरी किती हात देतेस!”

तेवढ्यात समोरून ‘ळ’ आला. वेस्टवाल्यांनी चहाचे कप उचलले.