यानिस्लेच्या आभाळातले पट्टे

क्यूबातल्या मातान्सासमधल्या निम्म्या बायकांचे पंधराव्या वाढदिवसाचे फोटो एवेलिओने काढले होते. घेरदार झगा, हातात पंखा, मागे उपसागर. आणि अमेरिकेत गेलेल्या त्याच्या सख्ख्या नातीचा, यानिस्लेचा तसलाच फोटो काढला तिकडच्या टँपातल्या कुणा परक्याने. एवेलिओला तो फोनवर आला. खाली दोनच शब्द, "आजोबा, बघा."

त्याने तो आठवडाभर बघितला. मग ठरवलं, या फोटोत तिच्या शेजारी आपण उभं राहायचं. जुना कोट चढवून स्वतःचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर तिच्या बाजूला चिकटवला. पण तिच्यामागचं आभाळ फिकट पडलेलं. ते जरा गडद करायला गेला, तर त्यात आडवे पट्टे उमटले.

त्यात विजेचा भरवसा नाही. म्हणून हा दर दोन मिनिटांनी सेव्ह करायचा, तेही त्याच दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये. वीज गेली, आली, की तीच फाइल उघडून आभाळाच्या छटा पुन्हा ताणून गडद करायचा. दर खेपेला पट्टे वाढत गेले.

शेजारची सोराइदा कॉफी घेऊन आली.

"अरे, आभाळात जिना कशाला बांधलास?"

"गप गं. आठ बिटांचा फोटो आहे, छटा कमी पडतात. आता सोळा बिटांवर टाकतो."

टाकला. पट्टे जागच्या जागी. पेलाभर पाणी बादलीत ओतलं म्हणून वाढतं थोडंच! चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला हे कळायला चार दिवस लागले.

"पोरीला फोन कर की. मूळ फाइल माग."

"ती कामात असते."

"कुणी सांगितलं तुला?"

कुणीच नाही. खरं म्हणजे त्याला भीती वाटायची. फोन केला आणि तिला आपल्याशी बोलायला काहीच नसलं तर? या भीतीत फोन न करताच सात महिने गेले होते.

शेवटी त्याने लिहिलं, "आभाळात पट्टे आलेत. मूळ फाइल हवी."

रविवारी तिचाच फोन. "कसले पट्टे, आजोबा? दाखवा ना!" पाऊण तास बोलली. पट्ट्यांवर पाच मिनिटं, बाकी शाळा, कुत्रा आणि आईशी झालेलं भांडण. मग फाइल पाठवली. "नाही गेले पट्टे, तर पुढच्या रविवारी बघू."

फाइल उघडली. सोळा बिटांची, आभाळ लोण्यासारखं मऊ. एवेलिओ बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसला. मग त्याने कळवलं, "पट्टे अजून आहेत."

"लबाडा!" सोराइदा म्हणाली. "आणि तिनं दाखवा म्हटलं तर?"

एवेलिओचं धाबं दणाणलं. शनिवारी सकाळपासून बसला. आभाळ गडद केलं, फिकं केलं, पार ताणलं. मेला एक पट्टा उमटेल तर शपथ! शेवटी फाइल दाबली, लहान केली, परत दाबली आणि मग ताणली.

"आले गं, आले!" तो ओरडला.

रविवारी यानिस्लेने फोनवर पट्टे नीट निरखले. फोटोत आपल्या शेजारी उभा असलेला कोटवाला म्हातारा तर त्याहून जास्त निरखला.

"आजोबा," ती म्हणाली, "माझ्याकडच्या फाइलमध्येही आलेत की हो पट्टे. दर रविवारी बसावं लागेल आपल्याला."