तातेरावांच्या गुडघ्याचा पुरावा

तातेरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण केदारखेड्यात एकालाही ते पटेना!

पटणार तरी कसं? ऑपरेशन म्हणजे वीतभर चीर आणि डझनभर टाके, हे गावात ठरलेलं. आणि तातेरावांच्या गुडघ्यावर फक्त दोन चिमुकल्या पट्ट्या! डॉक्टरांनी दुर्बीण घालून हाडांमधली फाटलेली गादी नीट केली होती आणि दुखणं, सूज दोन्हींवर पाच दिवस रोज एक इंजेक्शन लिहून दिलं होतं. कंपाउंडर मिथुन सकाळी नऊला येऊन टोचून जायचा. थोड्या वेळात तातेराव पलंगावर बसून मजेत पोहे खायचे. भेटायला येणाऱ्यांची घोर निराशा व्हायची.

शेजारच्या सगुणाबाईंनी तर पट्ट्यांकडे वाकून वाकून पाहिलं आणि तातेरावांच्या बायकोला म्हणाल्या, "बेबीनंदा, एवढ्याशा भोकातून कुठं ऑपरेशन होतं का गं? फसवलं तुमाला."

"फसवलं असतं तर मी असा पडून राह्यलो असतो का?" तातेराव कडाडले.

"पडलात कुठं? पोहे खाऊन राह्यलात की!"

इथवर ठीक होतं. पण तिसऱ्या दिवशी टेंभुर्णीहून व्याही भुजंगराव भेटायला निघाले, आणि तातेरावांना घाम फुटला. ऑपरेशनमुळे ते व्याह्यांच्या वास्तुशांतीला गेले नव्हते. आता त्यांनी यांना असं टुणटुणीत पाहिलं, तर लेकीला, भावनाला, सासरी जन्मभर ऐकावं लागणार: तुझ्या बापाला काही झालंच नव्हतं!

नऊला मिथुन आला. तातेरावांनी हात वर केला. "आता न्हाई. व्याही येऊन जाऊ दे. मंग दे."

"काका, टायमावरच घ्यायचं असतं. एकदा दुखणं चढलं की मंग जल्दी उतरत न्हाई."

"थोडं चढायलाच पाह्यजे मला!"

बेबीनंदांनी कपाळावर हात मारला. "दुनिया दुखू नये म्हणून पैसे भरती, अन् हे वेळ काढून दुखवून घेऊन राह्यले!"

भुजंगराव दहाला पोचणार होते. दहाला गुडघा कुरकुरला. तातेराव खूश! अकराला तो ठणकू लागला आणि फोन आला की भोकरदनजवळ बस बंद पडली. बाराला तातेरावांनी उशी दातांत धरली. एक वाजता अख्ख्या गल्लीला ऑपरेशन पटलं! सगुणाबाई हळदीचं दूध घेऊन धावत आल्या. "खरंच केलंय की वो!"

"मिथुनला बोलवा! जल्दी!" तातेराव ओरडले.

मिथुन मळ्यातल्या एका पेशंटकडे गेलेला. तो निघेपर्यंत भुजंगरावच दारात हजर! एकेक पायरी जपून चढले, सतरंजी सोडून खुर्चीवर टेकले आणि तातेरावांचं "अयायाया!" ऐकून पांढरेफटक पडले.

"एवढं दुखतं?"

"विचारू नका!" नाटकाची गरजच उरली नव्हती. "वैऱ्याला बी नको हे दुखणं, भुजंगराव!"

भुजंगराव चहा न घेताच उठले. पाठोपाठ मिथुन आला आणि टोचून झाल्यावर बेबीनंदांनी केलेला चहा पीत बसला. हळूहळू गुडघा शांत झाला. तातेराव विजयी मुद्रेनं हसले. "आता माझ्या भावनाला कोणी बोलून तर दाखवा!"

तेवढ्यात भावनाचाच फोन.

"आबा, काय केलं हे? मामंजींचं सोमवारी हेच ऑपरेशन होतं! सहा महिने मागं लागून तयार केल्तं मी. तुमाला बघून पक्कं करतो म्हणून आल्ते ते. बस स्टँडवरूनच डॉक्टरला नको म्हणून कळवलं! अन् सासूबाई मला बोलून राह्यल्या, तुझ्या बापानंच भेव घातलं म्हणून! ते काई न्हाई, उद्या इकडं या अन् हसत हसत चालून दाखवा."

तातेरावांनी फोन ठेवला. मग आवाज एकदम मऊ झाला.

"मिथुन बाळा, उद्याचं इंजेक्शन भोकरदनला गाडीतच दिलं, तर टेंभुर्णीपर्यंत दुखणं बराबर उतरंल का रं?"