लॉरीचा पंखा

सासरे दाढ दाखवायला डॉक्टरांकडे गेले आणि इकडे जावयाने त्यांच्या जुन्या गाडीचा पंखा तोडला.

तोडायचा हेतू नव्हता. दुपारी जुन्या गाड्यांच्या संघाचा परीक्षक येणार होता. सगळे भाग मूळचे निघाले, तर गाडी प्रदर्शनात सगळ्यांत पुढे. म्हणून जावयाने बॉनेट उघडून इंजिन पुसलं, सैल वाटला तो बोल्ट आवळला आणि इंजिन सुरू केलं. पाना आतच राहिला होता. खण्‌कन आवाज झाला आणि रेडिएटरमागच्या पंख्याचं एक पातं खाली पडलं.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "काय पडलं हो?"

"काही नाही, पाना."

ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं.

तुटका पंखा पिशवीत घालून त्याने भंगारवाल्याचं दुकान गाठलं. तिथे पंख्यांचा ढीगच होता. सहा पात्यांचा नको. चार पात्यांचा मिळाला, तर मधलं भोक मोठं. भोक जुळलं, तर पाती उलट्या बाजूला कललेली.

"हा लावलात तर हवा पुढे फेकेल," भंगारवाला म्हणाला. "इंजिन तापून बसेल."

शेवटी एक सापडला. माप तेच, भोकंही तीच. फक्त जुन्या पंख्याची पाती अधिक चिन्हासारखी होती. याची उघड्या कात्रीसारखी, दोन-दोन जवळ.

"फिरायला लागला की कोणाला दिसतंय?" भंगारवाला म्हणाला.

जावयाने पंखा बसवून बॉनेट लावलं, तेवढ्यात सासरे आणि परीक्षक फाटकातून एकदमच आत आले. सासऱ्यांचा गाल सुजला होता.

"बॉनेट उघडा," परीक्षक म्हणाला.

जावई काहीतरी सबब सांगणार होता. पण त्याच्याआधी सासरेच बोलले, "आधी इंजिनाचा आवाज तर ऐका."

"हो, आवाज फार गोड आहे," जावयाने री ओढली.

"आवाज नंतर. मला पंखा बघायचाय."

"पंख्यात काय बघायचं? आधी चहा घेऊ," सासरे म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"टाकायला सांगतो," म्हणत जावई वळलाही. पण परीक्षकाने बॉनेट वर केलं, टॉर्च लावला आणि तो वाकून बराच वेळ बघत राहिला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. जावई जमिनीकडे बघत होता.

"मला शंका होती, तुम्ही लॉरीचा पंखा लावला असणार," परीक्षक म्हणाला. "त्याची पाती सारख्या अंतरावर असतात. या मॉडेलला अशीच लागतात, कात्रीसारखी. आवाज कमी होतो. अस्सल आहे. माफ करा, उगाच संशय घेतला."

सासऱ्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. वाकून पंख्याकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"आम्ही मूळ भागाला हात लावत नाही," ते परीक्षकाला म्हणाले.

चहा झाला. परीक्षक उद्या दिवे बघायला येतो म्हणून निघून गेला. फाटक लागल्यावर सासरे जावयाजवळ आले. आता खैर नाही, असं त्याला वाटलं.

सासऱ्यांनी आधी सासूबाई खिडकीत नाहीत ना, ते पाहिलं.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "डावा दिवाही लॉरीचाच आहे. तेवढा उद्या सकाळी तुमच्या हातून फुटेल का?"