झोपेत मंजूर झालेलं कलम

"तात्या, प्रतिक्षाचं नाव बारामतीच्या वसतिगृहात घातलंय. जूनपासून जाईल ती," भाकरी थापता थापता रेश्मा म्हणाली, आणि जोतीरामतात्यांचा घास हातातच राहिला.

रेश्मा ही त्यांची सून आणि प्रतिक्षा ही एकुलती एक नात. आदल्या वर्षी ती जांभळीवरून पडली आणि तिचा पाय मोडला. शाळा बुडायला नको म्हणून आजीनं, म्हणजे सारजाबाईंनी, तिला घरीच शिकवायला घेतलं. पायाचं प्लास्टर निघालं, पण पोरीला घरच्या शाळेची अशी काही गोडी लागली की गावातल्या, म्हणजे बावड्याच्या, खऱ्या शाळेचं नाव काढलं की तिचा पाय पुन्हा दुखायला लागायचा.

"शिकतीया की ती घरी," तात्या म्हणाले. "कशाला धाडायची?"

"तात्या, आता कायदाच येतोय," मुलगा शंभूराज म्हणाला. तो लोणी देवकरच्या कारखान्यात नोकरीला होता आणि जेवताना बातम्या वाचायची त्याला सवय होती. "घरी शिकवायचं तर शिकवणारा पदवीधर पायजे. आई सातवी. मी आन् रेश्मा दिवसभर भायेर. तुमच्याच सभागृहात हाय की विधेयक! तुमाला ठाव न्हाय?"

तात्यांना ठाऊक नव्हतं. वास्तविक ते विधान परिषदेचे आमदार होते आणि सभागृहात त्यांची हजेरी कधी चुकत नसे. पण हजर असणं आणि जागं असणं या दोन गोष्टी त्यांच्या बाबतीत वेगळ्या होत्या.

त्याचं असं होतं, की तात्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे. तात्यांचंही बालपण नीरेच्या काठाकाठानं कळपामागं चालण्यात गेलं. दुपारी मेंढरं सावलीला बसली की काठीवर हनुवटी टेकायची आणि उभ्या उभ्या डोळा लावायचा, तोही डोळे उघडे ठेवून. कान तेवढे घुंगरांकडं. ही विद्या ज्याला एकदा आली त्याची ती जात नाही. पुढं जमीन आली, ऊस आला, साखर कारखान्याचं संचालकपद आलं, आमदारकी आली, मेंढरं गेली. झोप मात्र तशीच राहिली. सभागृहात तात्या समोरच्या बाकावर हात ठेवून, त्यावर हनुवटी टेकून, उघड्या डोळ्यांनी मंद हसत बसत. नवे सदस्य त्यांच्याकडं बोट दाखवून एकमेकांना सांगत, "हे फार कमी बोलतात, पण विचार बघा केवढा चाललाय!"

विचार काही चाललेला नसे. आत नीरा वाहत असे, हिरवळीवर मेंढरं पसरलेली असत आणि वारा सुटलेला असे.

पण त्या दिवशी तात्यांची झोप उडाली. ते ओसरीवर बसून राहिले. प्रतिक्षा समोर बसून सारजाबाईंना सांगत होती, की चांदोबाला स्वतःचा उजेड नाही, तो सूर्याचा उसना घेतो, आणि आजी, तुला ठाव हाय का, मांजराला गोड लागत न्हाय. ही पोरगी गेली तर घरात बोलणार कोण? सारजाबाई आणि ते, दोघं मिळून दिवसभरात फार तर 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' एवढं बोलत.

"सारजे," ते म्हणाले, "मी दुरुस्ती आणतो."

"कसली? मोटारीची?"

"विधेयकाची. पदवीची अट काढाय लावतो. घरातलं कुणीबी वडीलधारं माणूस शिकवंल, असं करून आणतो."

"म्हंजे तुमाला बोलावं लागंल तितं," सारजाबाई काळजीनं म्हणाल्या.

तात्यांनी भाषण पाठ केलं. गोठ्यात म्हशींपुढं म्हणून पाहिलं. म्हशींनी रवंथ थांबवला नाही, पण उठूनही गेल्या नाहीत, यावरून भाषण बरं असावं असं त्यांनी धरलं.

विधेयक नेमकं जेवणानंतर चर्चेला आलं. बरेच सदस्य बाहेर होते. आत होते ते पोटावर हात ठेवून मागं रेललेले. तात्यांच्या दुरुस्तीआधी विरोधी बाकांवरच्या राजेश्वरीताईंची दुरुस्ती होती. ताईंना मुळात हे विधेयकच पटलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांनी ती मुद्दाम चिमटा काढायला दिली होती. त्या ठणकावून म्हणाल्या, "घरी शिकणाऱ्या मुलाची सरकार परीक्षा घेणार. मग शिकवणाऱ्याची का नको? एकाच बाकावर बसवा दोघांना, एकच पेपर द्या! आणि दोघांपैकी जो नापास होईल, त्याला जवळच्या शाळेत दाखल करा!"

बाकांवर हशा पिकला. मंत्री उठले आणि सावकाश, एका सुरात, विधेयकामागची भूमिका सांगू लागले. तो सूर तात्यांच्या ओळखीचा होता. दूर कुठंतरी घुंगरं वाजू लागली.

आज मात्र तात्यांना नीरेच्या काठाऐवजी कारखान्याची वार्षिक सभा दिसू लागली. मोठा मांडव. मागं जिलेबीच्या कढया. व्यासपीठावर कुणीतरी अहवाल वाचतंय आणि सभासद त्याच्या श्वासाची वाट बघतायत. आपल्या भागातल्या सभेची रीत अशी, की वाचणारा जरा थांबला, की विषय कुठला हे न बघता मांडवातून होकाराचा आवाज उठवायचा. विषय जेवढ्या लवकर संपतील तेवढी जिलेबी गरम मिळते. तात्या संचालक होते तेव्हा पहिला आवाज त्यांचाच असायचा.

इकडं मंत्री "ही दुरुस्ती शासनाला मान्य नाही" असं सांगून खाली बसले. सभापती म्हणाले, "राजेश्वरीताईंच्या दुरुस्तीच्या बाजूनं जे असतील त्यांनी होय म्हणावं." आणि ते थांबले.

"मंजूर! मंजूर!" तात्या गरजले.

सभागृहात एकटे तात्याच असते तर भागलं असतं. पण साखर पट्ट्यातले आमदार दोन्हीकडच्या बाकांवर होते आणि जेवणही सगळ्यांचंच झालेलं होतं. त्यांच्या कानांवर तो शब्द पडला मात्र, एकेकाची मान वर आली आणि डोळे उघडायच्या आत तोंडं उघडली. "मंजूर! मंजूर!" उजवीकडून आलं. "मंजूर!" डावीकडून आलं. एका ज्येष्ठ सदस्यांनी तर हातही वर केला आणि जिलेबीसाठी मागं वळून पाहिलं.

"विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावं," सभापती म्हणाले.

मंत्री एकटेच "नाही" म्हणाले, तेही आश्चर्यानं हळू.

"दुरुस्ती संमत झाली," सभापतींनी जाहीर केलं. राजेश्वरीताईंना आयुष्यात प्रथमच बहुमत मिळालं होतं.

लगेच तात्यांचं नाव पुकारलं गेलं. शेजाऱ्यानं कोपर मारलं. तात्या उठले आणि पाहतात तो सगळं सभागृह त्यांच्याकडं आदरानं बघतंय. पाठ केलेलं भाषण म्हशींजवळच राहिलं होतं. "सभापती म्हाराज," ते म्हणाले, "माझ्या नातीला मीच शिकवतो. मी काय पदवीधर न्हाय. पर पोरगी शानी निघाली. तिला घरातनं काढू नका." एवढं बोलून ते खाली बसले.

मंत्री विचारात पडले. शिकवणारा आता परीक्षाच देणार असेल तर त्याच्या पदवीची अट ठेवून करायचं काय? त्यांनी तात्यांची दुरुस्ती स्वीकारली. पुढं दुसऱ्या सभागृहातही विधेयक जेवणानंतरच आलं, त्यामुळं तिथंही अडचण आली नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोटो छापून आला. 'स्वतःची परीक्षा मागून घेणारा आमदार!' बावड्याच्या चौकात फलक लागला. तात्या घरी आले तेव्हा सारजाबाई फुलांऐवजी पेपर घेऊन दारात उभ्या होत्या.

"तुमी शिकवता व्हय तिला?" त्या म्हणाल्या. "मला कवा कळलंच न्हाय."

"अगं, बोलण्याच्या भरात..."

"आता त्या भरातच परीक्षेला बसा. भर सभेत तुमी तुमचंच नाव घेतलंय. मी बसले तर चालणार न्हाय, शंभूनं विचारलंय."

रेश्मानं शांतपणे सांगून टाकलं, "तात्या, दोघंबी पास झालात तर माझं काही म्हणणं न्हाय. न्हाय झालात तर ट्रंक भरून ठेवलीय."

त्या दिवसापासून ओसरीवर अभ्यास सुरू झाला. प्रतिक्षा आजीच्या खुर्चीत बसे आणि तात्या पाटावर. ती मन लावून शिकवी. अडचण एवढीच होती, की तात्यांना गणित मेंढरांशिवाय कळेना आणि मेंढरं आली की तात्या त्यांच्यामागं निघून जात.

"तात्या, एका मेंढराचे चार समान भाग केले..."

"कुणी केलं?" तात्या दचकून म्हणाले.

"गणितात केलं."

"कशापाय? एवढं काय बिघडलं व्हतं त्याचं?"

"बरं, भाकरीचे चार भाग केले. त्यातला एक खाल्ला. किती उरली?"

"लोणचं व्हतं का संगट?"

प्रतिक्षानं कपाळाला हात लावला. आतून सारजाबाईंचं हसू ऐकू आलं. तात्यांनाही हसू आलं, पण कोपऱ्यातल्या ट्रंकेकडं नजर गेली की ते पुन्हा पाटीवर वाकत. आपण मेंढरू वाचवलं, पण पोरगी जायची, असं त्यांच्या मनात येई.

परीक्षा गावच्या शाळेत झाली. एका टोकाला प्रतिक्षा आणि दुसऱ्या टोकाला तात्या, असा एकच बाक. शाळेतल्या माऊली गुरुजींनी पेपर दिले. तात्यांनी पहिली काही उत्तरं खरोखर लिहिली. मग प्रश्न आला, 'तुमच्या परिसरातील नदीचे वर्णन करा.' तात्यांनी 'नीरा' असा शब्द लिहिला आणि पुढचं नीट आठवावं म्हणून हनुवटी हातावर टेकली. खिडकीतून वारा आला. पाणी चमकलं. कळप काठानं पसरला. फार सुंदर वर्णन होत होतं ते. फक्त कागदावर उतरत नव्हतं.

"वेळ संपली. पेपर गोळा करू का?" गुरुजींनी विचारलं आणि ते थांबले.

"मंजूर! मंजूर!" तात्या गरजले.

व्हरांड्यात डोकावणारी सगळी पोरं खूश होऊन ओरडली, "मंजूर! मंजूर!" प्रतिक्षानं डोळे मिटून घेतले.

निकाल शंभूराजनं फोनवर वाचला. प्रतिक्षा पहिली आली होती. तात्या नापास.

रेश्मानं ट्रंक ओढून दारात आणली, पण तिचाही हात कुलुपावर अडला. तात्या पोरीकडं बघत म्हणाले, "माजं चुकलं, बाळा. तू एवढं शिकवलंस आन् मी झोपलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

तेवढ्यात माऊली गुरुजी कायद्याची प्रत घेऊन दारात उभे राहिले.

"ट्रंक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"प्रतिक्षाची. तिला शाळेत घालायचं ना आता," शंभूराज म्हणाला.

"तिला कशाला? ती पास झाली. तिनं खुशाल घरी शिकावं." गुरुजींनी घसा साफ केला. "कायदा सांगतो, दोघांपैकी जो नापास होईल त्याला जवळच्या शाळेत दाखल करायचं. आमदारसाहेब, सोमवारपासून या. तिसरीत. अधिवेशनाच्या दिवसांत रजेचा अर्ज चालेल."

तात्या बघतच राहिले. "असलं कलम मंजूर कुणी केलं?"

"तुमीच," सारजाबाई म्हणाल्या.

सोमवारी सारजाबाईंनी डबा भरला. त्यात चार भाग केलेली भाकरी होती आणि लोणचंही होतं. तात्या खांद्याला पिशवी अडकवून अंगणात उतरले. नात घरात राहिली म्हणून मन निवांत होतं, पण पाऊल उचलत नव्हतं. आता दिवसभर तिचं बोलणं आपल्यालाच ऐकू यायचं नाही, हे त्यांना फाटकाशी आल्यावर कळलं.

"तात्या, थांबा!"

प्रतिक्षा दप्तर घेऊन पळत आली. वर्षभर दुखणारा पाय आता चांगलाच पळत होता.

"तू कुठं?"

"शाळेत. तितं तुमाला कोपर मारायला कोण हाय?"

मागं दारात रेश्मा उभी होती. तिनं ट्रंकेतले कपडे बाहेर काढले आणि मुकाट्यानं तिच्यात पापड भरायला घेतले.

दोघं शेवटच्या बाकावर बसली. दुपारी माऊली गुरुजी पृथ्वी कशी फिरते ते समजावून सांगत होते. बाहेरच्या रस्त्यानं एक कळप घुंगरं वाजवत नीरेकडं चालला होता. तात्यांची हनुवटी हातावर टेकली होती, डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर मंद हसू होतं.

"बघा," गुरुजी वर्गाला म्हणाले, "या वयातही किती मन लावून ऐकतात!"

प्रतिक्षानं कोपर उचललं, तात्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि अलगद खाली ठेवलं.

"कळलं का सगळ्यांना?" गुरुजींनी विचारलं आणि ते थांबले.

तात्यांचे ओठ हलले. पण त्याआधीच प्रतिक्षा घाईघाईनं उभी राहिली.

"कळलं, गुरुजी," ती म्हणाली. "आमा दोघांनाबी."