मदत-बटणाचें सुतक फिटलें त्याची हकीकत

श्रीगजानन लेखणीस आणि माउसास सारखेंच यश देवो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, श्रावणमासीं, पडद्यावरील एका राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें कीं नदीस पूर आला आणि पलीकडील गांवें पाण्यांत सांपडलीं, आणि त्यांणीं हाक घालावी म्हणोन जें 'मदत मागा' बटण उभें केलें होतें तें राखाडी भिंतीवर राखाडीच, कोणास दिसेना. मग सजावटीच्या कारभारी सगुणाबाई सबनीस यांणीं फर्मान काढिलें कीं सर्व बटणें तांबडीं व्हावीं, आणि बटण हाललें नाहीं. मग हें बटण ज्या तांतडीच्या पथकांत होतें त्यांतील बटणें तांबडीं व्हावीं ऐसें सर्वांच्या शेवटीं लिहिलें, कीं मागाहून आलेला हुकूम आधींच्यास मोडितो, तरी बटण आपलें राखाडीच. पलीकडे माणसें छपरांवर बसलीं होतीं, म्हणोन बाईंनीं हात थांबविला नाहीं. तेव्हां वृद्ध सरकारकून निंबाजीराव बोलिले, "अहो बाई, 'महत्त्वाचें' हा शिक्का ठोका कीं! ऐकत नाहीं, ठोक शिक्का, हीच आपल्या राज्याची चाल." बाईंनीं ठोकिला. बटण ढिम्म.

मग बाई बोलिल्या, "आतां ओरडणें पुरे. हें ऐकतें तरी कोणाचें, तें पाहूं," आणि एकेक फर्मान उलगडों लागल्या, आणि उमजलें ऐसें कीं सर्व प्रजेस दिलेल्या हुकुमाहून पथकास दिलेला भारी, आणि पथकाहून नांव घेऊन एकट्यास दिलेला भारी, आणि तोलास तोल जाहला तरच मागाहून आलेला जिंकतो, आणि शिक्का सर्वांवर बसतो खरा, पण शिक्क्यासमोर शिक्का आला म्हणजे पुन्हां तोच तोल. आणि तळाशीं सांपडलें: मदत-बटणाचें नांव घेऊन, वर शिक्का मारून, 'राखाडी व्हावें'. गतवर्षीं राज्याचे थोरले धनी निवर्तले त्या दिवशींचें, सुतकांत रंग नको म्हणोन काढिलेलें, निंबाजीरावांचे हातचें. सुतक फिटलें, फर्मान कोणीं उठविलेंच नव्हतें.

बाई बोलिल्या, "याहून भारी हुकूम मला काढतां येईल, पण पुढला माणूस तो कशानें मोडील? हें तुम्हीच पुसा, निंबाजीराव." रावांचे डोळे भरले. "धनी असते तर आधीं माझा कान धरिते," म्हणोन आपले हातें फर्मान पुसिलें, आणि बाईंनींही आपला शिक्का काढिला, आणि पथकाचा साधा हुकूम उरला, आणि बटण कुंकवासारखें तांबडें जाहलें. तोंच पलीकडून हाक आली, आणि नावा सुटल्या.

एकूण वर्तमान इतुकें कीं, ज्यास सारे हट्टी म्हणत होते तें बटण वर्षभर धन्याचें सुतक पाळीत होतें.